दोह्यांचे रहीम आणि अहमदनगरच्या वेढ्याचे खानखानान



रहीम यांचे दोहे आपण सर्वांनी शाळेत कधी ना कधी पाठ केलेले आहेत. हिंदीच्या तासाला ते म्हणून घेतले जातात, परीक्षेत त्यांचा भावार्थ विचारला जातो आणि पेपर झाला की आपण ते विसरून जातो. गेल्या वर्षी मी माझ्या वर्गात सहज विचारले, की मुलांनो, हे रहीम कोण होते? एकाने सांगितले, कबीरांसारखे एक गरीब संत. दुसऱ्याने सांगितले, कोणी फकीर असावेत. मी त्यांना सांगितले की हे रहीम मोगल दरबारातील सर्वांत मोठ्या सरदारांपैकी एक होते आणि त्यांनीच आपल्या अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला होता. वर्ग एकदम गप्प झाला. मग मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, की सर, म्हणजे ते आपले की त्यांचे? घंटा होईपर्यंत मला त्याला नीट उत्तर देता आले नाही.

त्याच आठवड्यात एक पालक मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मागण्यास आले. मुलगा नववीत होता, हुशारही होता. त्याला भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लावावयाचे होते. शिकून कोणाचे पोट भरले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनाही मी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. म्हणून या दोघांसाठी, त्या विद्यार्थ्यासाठी व त्या पालकांसाठी, आज मी रहीम यांचे चरित्र थोडक्यात सांगणार आहे.

मोगल म्हटले की आपल्या दिघी-भोसरीच्या मुलांना चाकणचा संग्रामदुर्ग आठवतो. १६६० साली शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळा यांनी तो किल्ला जवळजवळ दोन महिने झुंजवला, हे आपण इतिहासात वाचतो. रहीम त्याच्या पुष्कळ आधीचे. शाहिस्तेखान चाकणला आला तेव्हा रहीम यांना जाऊन तेहेतीस वर्षे झाली होती. परंतु आपल्या महाराष्ट्राशी त्यांचा संबंध शाहिस्तेखानापेक्षा कितीतरी दीर्घ आहे. त्यांच्या आयुष्याची शेवटची तीस-बत्तीस वर्षे बहुतांशी दख्खनच्या कारभारात आणि लढायांत गेली.

त्यांचे पूर्ण नाव अब्दुर रहीम. १७ डिसेंबर १५५६ रोजी लाहोर येथे त्यांचा जन्म झाला. पानिपतची दुसरी लढाई होऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे लोटले होते. त्या लढाईमुळे अकबराचे तख्त टिकले. अकबर त्यावेळी चौदा वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्या वतीने सर्व राज्य चालविणारे पालक होते बैरामखान. हेच रहीम यांचे वडील. वडील तुर्कमान वंशाचे, घरात तुर्की व फारसी बोलणारे. आई मात्र मेवातच्या, म्हणजे येथल्याच मातीतल्या घराण्यातील. दोन प्रकारची बोली त्या मुलाच्या रक्तातच आली होती, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

पण हे वैभव त्यांच्या वाट्याला फार दिवस आले नाही. १५६० साली अकबराने कारभार आपल्या हाती घेतला व बैरामखान यांना हजला जाण्यास सांगितले. हजच्या वाटेवर, गुजरातेत पाटण येथे, जानेवारी १५६१ च्या अखेरीस जुन्या वैरातून एका अफगाणाने त्यांचा खून केला. तळ लुटला गेला. रहीम त्यावेळी चार वर्षांचे होते. बैरामखानांच्या काही इमानी माणसांनी त्या पोराला उचलून, लुटारूंपासून वाचवीत प्रथम अहमदाबादेस व तेथून पुढे आग्र्यास नेले. विचार करा, कालपर्यंत ज्याचा बाप हिंदुस्थानचा कारभार पाहत होता, तो मुलगा आज दुसऱ्यांच्या दयेवर प्रवास करीत होता.

दरबारात बैरामखानांचे शत्रू काही कमी नव्हते. परंतु अकबराने त्या मुलाला आपल्या छत्राखाली घेतले. बैरामखानांच्या विधवा पत्नी सलीमा सुलतान बेगम यांच्याशी पुढे अकबराने स्वतः विवाह केला; त्या रहीम यांच्या सावत्र आई होत. बादशहाने या पोरक्या मुलाला जहागिरीच्या आधी शिक्षण दिले, ही गोष्ट मी पालकांना विशेष सांगू इच्छितो. अरबी, फारसी, तुर्की, संस्कृत व हिंदी या भाषा, त्याबरोबर घोडदौड, तलवार आणि दरबाराचे रीतिरिवाज, असे ते शिक्षण होते.

मोगल दरबार म्हणजे निव्वळ हिरेमाणके व गालिचे नव्हेत. ती एक अत्यंत शिस्तीची व्यवस्था होती. प्रत्येक अधिकाऱ्याला मनसब, म्हणजे एक दर्जा असे. त्यावर त्याचा पगार आणि त्याने ठेवावयाचे स्वार ठरत. हा दर्जा बापाकडून मुलाला आपोआप मिळत नसे. सरदार मेला की त्याची संपत्ती सरकारजमा होण्याची रीत होती आणि मुलाने आपला दर्जा नव्याने मिळवावयाचा असे. तेव्हा मोठ्या बापाचा मुलगा असणे पुरेसे नव्हते. त्याच दरबारात चित्रांसाठी तसबीरखाना होता, ग्रंथांसाठी किताबखाना होता आणि महाभारतासारख्या ग्रंथाचे फारसीत भाषांतर करण्यासाठी पंडित व मौलवी एकत्र बसत असत. अशा ठिकाणी रहीम वाढले.

१५८० साली त्यांची मीर अर्ज या पदावर नेमणूक झाली. बादशहाकडे येणाऱ्या लोकांच्या विनंत्या त्याच्यापुढे मांडण्याचे हे काम. यासाठी माणूस विश्वासाचा लागे, कारण गरिबाची तक्रार बादशहाच्या कानावर जावी की न जावी, हे त्याच्या हाती असे. आपण आज शाळाप्रवेशासाठी, शिष्यवृत्तीसाठी जो अर्ज भरतो तो हाच शब्द. वकील, कारखाना, फर्मान, मुजरा हे शब्दही अशाच दरबारी वाटेने येऊन मराठीत घरचे झाले आहेत. पुढे दोन-तीन वर्षांतच शहजादा सलीम, म्हणजे नंतरचा जहांगीर बादशहा, याचे अतालिक म्हणजे गुरू व पालक म्हणून त्यांना नेमण्यात आले. चौथ्या वर्षी अनाथ झालेला मुलगा बादशहाच्या मुलाचा शिक्षक झाला.

यानंतर त्यांच्या पराक्रमाचा काळ सुरू होतो. गुजरातेत पदच्युत सुलतान मुजफ्फरशहाने बंड करून अहमदाबाद घेतले होते. जानेवारी १५८४ मध्ये सरखेज येथे रहीम यांनी आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या फौजेचा पराभव केला. कुमक येईपर्यंत थांबावे, असाही सल्ला त्यांना देण्यात आला होता. त्यांनी तो मानला नाही. ज्या गुजरातेत बापाचा खून झाला, त्याच गुजरातेत मुलाने नाव मिळविले. बादशहाने त्यांना खान-ए-खानान, म्हणजे सर्व सरदारांचा सरदार, हा किताब दिला. हाच किताब त्यांच्या वडिलांनाही होता. असे सांगतात की, या लढाईच्या वेळी त्यांनी आपल्याजवळचे सर्व काही सैनिकांना वाटून टाकले. शेवटी एकजण आला व मला काहीच मिळाले नाही म्हणाला. तेव्हा त्यांच्याजवळ फक्त कलमदान उरले होते. तेही त्यांनी देऊन टाकले.

कलमदान दिले, पण कलम सोडली नाही. बाबर बादशहाने आपले आत्मचरित्र चगताई तुर्कीत लिहून ठेवले होते. त्याच्या नातवाच्या काळापर्यंत दरबारात ती भाषा नीट जाणणारे थोडेच उरले होते. रहीम यांनी त्या संपूर्ण ग्रंथाचे फारसीत भाषांतर केले आणि १५८९ साली ते अकबराला सादर केले. हे भाषांतर झाले म्हणून तो ग्रंथ दरबारात वाचला गेला, त्याच्या सचित्र प्रती निघाल्या. त्यांपैकी एक प्रत आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. वडिलांची भाषा त्यांनी जतन केली नसती, तर हे काम त्यांच्या हातून झाले नसते. आणि ज्या भाषेत त्यांनी दोहे रचले, ती ब्रज भाषा सामान्य लोकांची होती. सुई, दोरा, पाणी, झाड अशा साध्या वस्तू घेऊन त्यांनी दोन ओळींत माणसाच्या स्वभावाचे मर्म सांगितले. दरबाराची भाषा येत असूनही लोकांच्या भाषेत लिहिण्याची त्यांना लाज वाटली नाही. उर्दू की मराठी की इंग्रजी, या वादात अडकलेल्या आपल्या समाजाने हे लक्षात घ्यावे. एक भाषा शिकण्यासाठी दुसरी टाकून द्यावी लागत नाही.

आता आपण अहमदनगरकडे वळू. त्या शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर असे झाले आहे, पण त्यावेळी ती निजामशाहीची राजधानी होती. १५९५ च्या डिसेंबरात शहजादा मुराद व रहीम यांच्या फौजांनी किल्ल्याला वेढा घातला. आत अल्पवयीन राजाच्या वतीने चाँदबिबी कारभार पाहत होत्या. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. किल्ल्यातील लोकांना त्यांचा सुगावा लागला व काही सुरुंग निकामी करण्यात आले. परंतु एक उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. चाँदबिबी हाती तलवार घेऊन स्वतः खिंडाराशी उभ्या राहिल्या. हल्ला परतविला गेला आणि रातोरात ती भिंत पुन्हा उभी करण्यात आली. अखेर वऱ्हाड प्रांत मोगलांना देऊन १५९६ साली तह झाला. मुराद व रहीम यांचे आपसात पटत नव्हते, हेही या अर्धवट यशाचे एक कारण होते. १५९७ च्या आरंभी गोदावरीच्या काठी रहीम यांनी दख्खनच्या एकत्रित फौजेवर विजय मिळविला. पुढे १६०० साली चाँदबिबींना त्यांच्याच माणसांनी गैरसमजातून ठार केले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहमदनगर पडले. त्यावेळी मोगल फौजेत शहजादा दानियाल यांच्याबरोबर रहीम होतेच.

मागच्या बाकावरील त्या मुलाने येथे नीट लक्ष द्यावे. किल्ल्याच्या आत चाँदबिबी होत्या, बाहेर रहीम होते. दोघेही एकाच किब्ल्याकडे तोंड करून नमाज पढत होते. निजामशाहीच्या बाजूने मराठे सरदारही लढत आणि मोगलांच्या बाजूने राजपूत राजेही लढत. ती राज्यांची लढाई होती, धर्मांची नव्हे. तेव्हा केवळ नाव आपल्यासारखे आहे म्हणून आपण रहीम यांच्या वेढ्याचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही, आणि त्या वेढ्याबद्दल कोणी आपल्याला जबाबदार धरण्याचेही कारण नाही. आपण या मातीचे आहोत. त्या दिवशी या मातीची बाजू राखणाऱ्या चाँदबिबी होत्या, हे मोकळेपणाने म्हणावे.

याच धामधुमीत रहीम यांनी आणखी एक काम चालविले होते. साधारण १५९७ ते १६०५ या काळात त्यांनी रामायणाच्या फारसी भाषांतराची एक सचित्र प्रत आपल्या चित्रकारांकडून तयार करवून घेतली. ती आज अमेरिकेत वॉशिंग्टन येथील फ्रीअर कलासंग्रहालयात आहे. आपल्या सरहद्दीवरील बऱ्हाणपूर येथे त्यांचा मुक्काम असे. तेथे त्यांच्याभोवती कवी, लिपिकार, जिल्दसाज व चित्रकार यांचा मोठा मेळावा जमला. इराणहून आलेल्या कवींना त्यांचा आश्रय होता. अब्दुल बाकी निहावंदी या विद्वानाने त्यांच्या चरित्रावर मआसिर-ए-रहीमी नावाचा ग्रंथ १६१६ साली पुरा केला. बऱ्हाणपुरास डोंगरातले पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणणारी कुंडी भंडारा ही योजना याच काळातील, १६१५ च्या सुमाराची आहे. गंमत अशी की त्यांचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी मलिक अंबर यानेही त्याच सुमारास आपल्या खडकी शहरात अशीच नहर आणली. ही खडकी आपल्या पुण्याची नव्हे. ती पुढे औरंगाबाद झाली व २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. दोन शत्रू रणांगणावर एकमेकांचा नाश करू पाहत होते आणि आपापल्या शहरात लोकांना पाणी पाजत होते. लढाया संपल्या. पाण्याची कामे मात्र आजही पाहावयास मिळतात.

मलिक अंबर हा हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला, पण बुद्धीने निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला पुरुष. त्याच्या गनिमी काव्यापुढे रहीम यांचे काही चालेना. जहांगीरच्या काळात, १६०८ साली, दोन वर्षांत दख्खन जिंकून देतो असे त्यांनी बादशहास वचन दिले. पण १६१० मध्ये मोठी नामुष्की पदरी घेऊन त्यांना परत जावे लागले. काही काळाने त्यांना पुन्हा पाठविण्यात आले. १६१६ मध्ये त्यांचा थोरला मुलगा शाहनवाजखान याने जालन्याजवळ रोशनगाव येथे मलिक अंबरचा पराभव करून खडकी जाळली. तरीही अंबर संपला नाही.

आणि घरात काय घडत होते? त्यांचे जावई शहजादा दानियाल यांना दारूचे भयंकर व्यसन होते. त्यांच्यापर्यंत दारू जाऊ नये, असा बंदोबस्त करण्याची जबाबदारी रहीम यांच्यावर होती. पहारे बसले. पण नोकरांनी बंदुकीच्या नळीतून दारू आत नेली आणि १६०५ साली दानियाल वारले. रोशनगावचा विजेता शाहनवाजखानही १६१९ साली दारूनेच गेला. त्याच वर्षी दुसरा मुलगा रहमानदाद गेला. मोठमोठ्या फौजा हलविणाऱ्या पित्याला आपल्या घरातील व्यसन थोपविता आले नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे. आपल्या वस्तीतही हा शत्रू नळीतून, पुडीतून आत येतो आहे आणि केवळ पहारा ठेवून तो थांबत नाही.

१६२२ नंतर शहजादा खुर्रम, म्हणजे पुढे शहाजहान, याने बापाविरुद्ध बंड केले. शाहनवाजखानाची मुलगी खुर्रमला दिलेली होती. रहीम या बंडात ओढले गेले, मग बाजू बदलली आणि दोन्हीकडचा विश्वास गमावून बसले. हा त्यांच्या चरित्रातील डाग आहे व तो झाकण्याचे कारण नाही. त्यांना कैद झाली. १६२५ साली त्यांचा उरलेला मुलगा दाराबखान याचा शिरच्छेद करण्यात आला. ते मस्तक ताटात झाकून, टरबूज म्हणून, म्हाताऱ्या बापाकडे पाठविण्यात आले, असे ग्रंथकार सांगतात. एकेकाळी ज्या शहजाद्याला त्यांनी शिकविले होते, त्याच जहांगीरच्या राज्यात हे घडले.

पुढे जहांगीरने त्यांना क्षमा केली व किताब परत दिला. पण आता ते कशासाठी? महाबतखानाने बंड केले तेव्हा सत्तरीच्या घरातील हे वृद्ध सरदार पुन्हा मोहिमेवर निघण्यास तयार झाले. परंतु वाटेत आजारी पडले आणि १६२७ साली दिल्ली येथे त्यांचे देहावसान झाले. निजामुद्दीन येथे त्यांनी आपली पत्नी माहबानू यांच्यासाठी जी कबर १५९८ साली बांधली होती, तिथेच त्यांना दफन करण्यात आले. त्या इमारतीचा संगमरवर पुढे अठराव्या शतकात सफदरजंगाच्या कबरीसाठी काढून नेण्यात आला. कित्येक वर्षे ती उघडी-बोडकी उभी होती. अलीकडे काही वर्षे तिची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली व २०२० मध्ये ती पूर्ण झाली. दिल्लीस गेलात तर अवश्य पाहा.

पालक बंधूंनो, आता आपण हिशेब मांडू. मनसब गेली. जहागिरी गेल्या. संपत्ती सरकारजमा होण्याचीच होती. कर्ते मुलगे डोळ्यांदेखत गेले. कबरीवरचा दगडही लोकांनी नेला. मग उरले काय? एक भाषांतर उरले, एक सचित्र ग्रंथ उरला आणि ते दोहे उरले, जे आज कामगाराचा मुलगाही पाठ करतो. जे काही शिक्षणातून आले होते, तेवढेच उरले. शिकल्याने पोट भरते का, या प्रश्नाला मी एवढेच म्हणेन की, चार वर्षांच्या त्या अनाथ मुलाचे पोट अकबराने भरलेच असते. पण त्याने त्याला मकतबात बसविले नसते, तर आज आपण त्याचे नावही घेतले नसते.

दाखला मागणाऱ्या त्या पालकांनी मुलाला निदान दहावीपर्यंत ठेवावे, अशी मी त्यांना विनंती केली आहे. वर्कशॉप कोठे जात नाही. आयटीआय करून मशीनवर उभे राहणे आणि नववी सोडून उभे राहणे, यांत पगाराचा व मानाचा जो फरक आहे, तो चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करणारे आपलेच बांधव सांगतील. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यास अडचण असेल, तर शाळा सुटल्यावर माझ्याकडे या. तेवढे मीर अर्जाचे काम मी करू शकतो.

आणि मागच्या बाकावरील माझ्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर उशिरा देतो आहे. वेढा घालणारे खानखानान आपलेही नव्हेत व त्यांचेही नव्हेत. ते इतिहासाचे आहेत. त्यांच्याविषयी खरे ते शिकावे, चांगले-वाईट दोन्ही. दोहे लिहिणारे रहीम मात्र जो वाचील त्याचे. उद्या हिंदीच्या तासाला त्यांचा दोहा आला, तर तो पाठ करून थांबू नकोस. तो कोणी लिहिला, हे शेजारच्या मुलालाही सांग.